कंसातला रोम

चौकोनी कंस मोठ्यानं कसा वाचायचा? या एका प्रश्नानं माझं रोम शिकवणं बदलून टाकलं आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर अजून माझ्या हाती लागलेलं नाही.

सीबीएसईच्या अकरावीला तीन खंडांत पसरलेल्या साम्राज्याचं प्रकरण शिकवणाऱ्यांना रोम पडद्यावर कसा आणायचा हे सांगायला नको. ऑर्बिस या रोमन प्रवासमार्गांच्या ऑनलाइन नकाशावर अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज सोडायचं, वारा कुठल्या महिन्यात अडवतो ते मुलांना शोधायला लावायचं, वाहतुकीचे दर आले की डायोक्लीशनच्या ३०१ सालच्या दरपत्रकाकडे वळायचं, हे आपण सगळेच करतो. माझा जीव मात्र पहिल्यापासून विंदोलांडाच्या पत्रांत अडकलेला. उत्तर इंग्लंडमधल्या त्या छावणीत, ओल्या आणि हवा न पोचणाऱ्या मातीत, लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं १९७३ पासून सापडत आली. फोटो, लॅटिन वाचन, इंग्रजी भाषांतर, सगळं घरबसल्या उघडता येतं. त्यातलं २९१ क्रमांकाचं पत्र मी दरवर्षी घेते. इ.स. १०० च्या आसपास क्लॉडिया सेव्हेरा या बाईनं तिची मैत्रीण सुल्पिकिया लेपिदिना हिला ११ सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला बोलावलं, ते हे पत्र. दोघींचे नवरे लष्करी अधिकारी, छावण्या वेगवेगळ्या.

या पत्राचं लॅटिन वाचन कंसांनी भरलेलं आहे. गोल कंस म्हणजे लिहिणाऱ्यानं शब्द आखूड केला होता, संपादकानं तो पुरा केला. चौकोनी कंस म्हणजे तिथलं लाकूड तुटलं किंवा शाई गेली, आतली अक्षरं संपादकाची. अक्षराखाली टिंब म्हणजे वाचनाची खात्री नाही. १९३१ साली लायडनला विद्वानांनी ही चिन्हं ठरवली आणि आजही शिलालेखांपासून पपायरसपर्यंत तीच चालतात. इतिहासाच्या अभ्यासात याहून प्रामाणिक खूण मला माहीत नाही. एवढंसं चिन्ह, पण ते सांगतं की इथपर्यंत रोमन बोलले आणि इथून पुढे आम्ही बोलतो आहोत.

तुझ्या येण्यानं माझा दिवस आणखी आनंदाचा होईल, अशा अर्थाचं सेव्हेरा लिहिते. त्या वाक्यातला दिवस, ‘दिएम’, चौकोनी कंसात आहे. पत्र वाढदिवसाचं, आणि नेमका तो शब्द तिथे लाकडावर उरलेला नाही. त्याच ओळीच्या शेवटी ‘जर’ असा शब्द येतो आणि मग खड्डा. सुटी टिंबं, सुमारे तीन अक्षरं गेल्याची नोंद आणि शेवटी एक ‘स’. भाषांतरकारांनी तिथे ‘तू आलीस तर’ असं काहीसं घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

हे सगळं मी मुलांना समजावून सांगत असे, फळ्यावर कंस काढून दाखवत असे. मग पत्र मोठ्यानं वाचत असे. लॅटिन मी स्वतःच्या हौसेनं शिकले, रात्री जागून, वेबसाइटवरचे कोश चाळून. मराठी तोंडातून ती भाषा निघाली की वर्गात शांतता पसरायची, आणि त्या शांततेची मला गोडी लागली होती. मागच्या बाकावरच्या मुलानं मोबाइल खाली ठेवला की मला धन्य वाटे. माझं वाचन सफाईदार होतं. फळ्यावरचे कंस माझ्या आवाजात उतरत नव्हते, आणि ते उतरावेत अशी माझी इच्छाही नव्हती, कारण त्यांनी लय मोडली असती.

मग एका वर्षी वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आली. ती लॅपटॉपवर स्क्रीन रीडर वापरायची, इतक्या वेगानं की शेजारच्यांना तो आवाज भाषेचा वाटतच नसे. पत्राचं भाषांतर तिनं घरी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न घेऊन आली. पहिला असा: “मॅडम, पत्राच्या मध्येच सेकंड हँड कुठून आलं? काय वापरलेलं विकायचं होतं त्यांना?” दुसरा असा: “एवढी वर्षं चिखलात पडलेलं लाकूड, आणि पत्र इतकं सलग कसं?”

तिच्या यंत्राची मांडणी अशी होती की विरामचिन्हं बहुतेक गाळली जात. कंस गेले, प्रश्नचिन्हं गेली, आणि कंसातली संपादकांची टीप सेव्हेराच्या वाक्यांत मिसळून गेली. ‘सेकंड हँड’ म्हणजे दुसरं हस्ताक्षर. तिथपर्यंत पत्र लेखनिकानं लिहिलं आहे. शेवटच्या चार ओळी, बहिणी म्हणत निरोप घेणाऱ्या, सेव्हेरानं स्वतः लिहिल्या आहेत. बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे सर्वांत जुनं आपल्याला माहीत आहे, त्यात या ओळी मोडतात. डोळ्यांनी बघणाऱ्या मुलांना मी तो फरक फोटोत दाखवायचे. हिला तो ऐकू आला, तोही चुकीच्या अर्थानं, पण नेमक्या जागी.

तिचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. डोळस मुलांपुढे कंस उघडे होते, पण पत्र सलग कसं, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. कंस दिसत होते म्हणून ते पुढे जात होते. ज्या मुलीला कंस मिळालेच नाहीत, तिला खड्ड्याची शंका आली.

यंत्राची मांडणी बदलून आम्ही सगळी चिन्हं वाचायला लावली. आता डावा कंस, उजवा कंस, टिंब, टिंब, असा गोंगाट झाला आणि पत्र हरवलं. ती म्हणाली, यापेक्षा पहिलं बरं. तिथून मी वाचायच्या पद्धती शोधत राहिले. चौकोनी कंस आला की आवाज खाली आणायचा, असं करून पाहिलं. ते लाडिक वाटायला लागलं, जणू सेव्हेराच कुजबुजते आहे. कंसातला भाग टेबलावर बोट वाजवून वाचला. दोन ओळींत ठेका तयार झाला आणि मुलं ठेकाच ऐकू लागली. कंसापाशी थांबून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, “थांबलात की मला वाटतं, तुम्ही श्वास घेताय.” तिचं बरोबर होतं. थांबण्याचा अर्थ बघणाऱ्याला चेहऱ्यावरून कळतो.

शेवटी पत्र दोन आवाजांत वाचायचं ठरलं. लाकडावर जे आहे ते एक मुलगी वाचते, कंसातलं एक मुलगा. ‘दिएम’ त्याच्या आवाजात येतो. एकाच शब्दाच्या मध्यावर आवाज बदलतो, कारण लेपिदिनाचा नवरा केरिआलिस याच्या नावाची शेवटची दोन अक्षरं कंसात आहेत. आणि निरोपाच्या ओळींना तिसरा आवाज, ती दुसऱ्या हाताची खूण. पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा वर्गात माझ्या लॅटिनच्या वेळची ती शांतता नव्हती. मुलं चुकत होती, हसत होती, पुन्हा सुरुवात करत होती. मला आतून वाईट वाटलं, हे लिहून ठेवते. पत्र माझ्या हातून गेलं होतं. पण वाचून झाल्यावर मुलांनी विचारलं की ‘दिएम’ कशावरून भरला, दुसरा कुठला शब्द बसला असता का, आणि बसत नसेल तर का नाही. त्या तासाला आम्ही पहिल्यांदा व्याकरणापर्यंत पोचलो.

हस्ताक्षरासाठी एका मुलानं फोटोवरून पत्राच्या अक्षरांचा आराखडा काढला आणि उठावाची रेघ उमटणाऱ्या प्लास्टिकच्या कागदावर तो गिरवला. तिनं बोट फिरवलं. लेखनिकाच्या ओळींवरून ते सरळ गेलं, सेव्हेराच्या ओळींवर अडखळलं.

या प्रश्नात इतकी गुंतले की पडद्यावरच्या बाकीच्या रोमकडे मी त्याच नजरेनं बघायला लागले. ‘रोम रिबॉर्न’ हे त्रिमितीय शहर मला फार आवडायचं. इ.स. ३२० मधलं रोम, वरून उडत जायचं, खाली छपरंच छपरं. बर्नार्ड फ्रिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून त्यावर घेतलेली मेहनत मोठी आहे. पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीतल्या बहुतेक साध्या इमारती इतालो जिस्मोंदीनं केलेल्या प्लास्टरच्या शहरावरून घेतल्या होत्या. मुसोलिनीच्या काळात, १९३० च्या दशकात, जिस्मोंदीनं ते काम सुरू केलं आणि पुढे अनेक दशकं केलं. त्याचा आधार रोदोल्फो लांचानीचा नकाशा, आणि त्या नकाशामागे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला संगमरवरावर कोरलेला शहराचा आराखडा. त्या आराखड्याचा जेमतेम दहा-पंधरा टक्के हिस्सा आज उरला आहे, हजाराहून जास्त तुकड्यांत. म्हणजे कंसावर कंस चढत गेले आणि शेवटी चकचकीत छप्पर आलं, ज्यावर एकही खूण नाही. उडत जाणाऱ्या मुलाला सापडलेली भिंत आणि मनानं उभी केलेली भिंत सारखीच दिसते.

त्या संगमरवरी आराखड्याचे तुकडे स्टॅनफर्डनं एकेक करून वेबसाइटवर ठेवले आहेत. आता मी तिथून सुरुवात करते. मुलं जाड पुठ्ठ्यातून तुकडे कापतात, टेबलावर मांडतात. पुठ्ठा संपला की बोटाला लाकूड लागतं. कंस हाताला कळण्याची एवढी एकच जागा मला सापडली आहे, आणि ती तिच्यामुळे सापडली.

आमच्या धंद्यात सध्या जे चाललं आहे त्यावर बोलायला हवं. पाच मिनिटांत रोम संपवणारे व्हिडिओ, यंत्राकडून काढून घेतलेले सिनेटचे देखावे, आणि ते प्रकल्पाच्या वहीत चिकटवून पूर्ण गुण घेणारी मुलं. काही शिक्षक याला प्रगती म्हणतात. मी म्हणत नाही. चित्र काढणाऱ्या यंत्राला खड्डा ठेवताच येत नाही, त्याला चौकट भरायचीच असते. सगळी यंत्रं तशी नाहीत, हेही मानते. २०२५ साली गूगल डीपमाइंडनं लॅटिन शिलालेखांसाठी ‘एनिअस’ आणलं. ते तुटलेल्या जागेसाठी एकाहून अधिक पर्याय देतं आणि मिळतेजुळते शिलालेखही दाखवतं. ते मी वर्गात वापरायला तयार आहे. गुळगुळीत व्हिडिओ नको.

आणि हा प्रश्न फक्त रोमचा नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनाच्या आधारानं आपण पैठण, तेर, कल्याण, सोपारा यांचा रोमशी व्यापार शिकवतो. त्याचं दहाव्या शतकातलं हस्तलिखित हायडेलबर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयानं पानापानानं ऑनलाइन ठेवलं आहे. भडोचच्या बाजूच्या राजाचं जे नाव त्यात आहे, ते जसंच्या तसं क्षत्रप राजा नहपान याच्या नावाशी जुळत नाही. अभ्यासकांनी अक्षरं दुरुस्त केली तेव्हा जुळलं. दुरुस्ती पटण्यासारखी आहे, नहपानाची नाणी आणि नाशिकचे लेख तिच्या बाजूनं उभे आहेत. पण आपल्या पुस्तकांत नहपान थेट येतो, दुरुस्तीची खूण कुठेच नसते. पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या. मराठी मुलाला रोम जवळचा वाटावा म्हणून आपण ही गोष्ट रंगवून सांगतो. सांगावी. मात्र मूर्ती कुठे घडली आणि कुठल्या हातांतून पॉम्पेईला पोचली, हा भाग अंदाजाचा आहे, तो दुसऱ्या आवाजात सांगावा.

ती मुलगी आता कॉलेजात इतिहास घेऊन शिकते आहे. दोन आवाजांचं वाचन माझ्या वर्गात कायम झालं. अडलं आहे ते त्या ‘जर’ नंतरच्या जागेपाशी. तिथे संपादकांनीही काही भरलेलं नाही, म्हणून तिथे दुसरा आवाजही नाही, आणि नुसतं थांबलं तर तो श्वास ठरतो. दृष्टिहीन मुलांना शिलालेख, ताम्रपट किंवा जुनी हस्तलिखितं शिकवणारे कुणी वाचत असतील, तर अक्षर भरता न आलेली जागा तुम्ही मोठ्यानं कशी वाचता, ते मला जरूर कळवा.