गोलाई

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या नव्या ओट्यावरून हात फिरवत तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आम्हाला विचारले, "सर, एवढी कडक टाईल गोल कशी कापली?" जुन्या ओट्याचा कोपरा धावत येणाऱ्या लहान मुलांच्या बरोबर कपाळाच्या उंचीवर होता. म्हणून विश्वस्त मंडळाने सुटीत तो ओटा पाडून नव्याचे दोन्ही कोपरे गोल करायचे ठरवले. त्याच वेळी व्हरांड्यातल्या गोल खांबांभोवतीही फरशी बसली. आठ दिवस आम्ही खुर्ची टाकून हे काम पाहत होतो.

पोर्सिलेन टाईल ही आपल्या घरच्या चिनी मातीच्या कपबशीची थोरली बहीण. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी यांची बारीक पूड प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. मग ती इतकी घट्ट होते की तिच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी तिच्यात मुरत नाही. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक टाईल्स गुजरातेतल्या मोरबीच्या असतात. साधे लोखंडी पाते तिच्यावर चालत नाही. कापायला लागते ती कडेला हिऱ्याचे कण बसवलेली चकती. आता अडचण अशी की चकती सपाट असते आणि सपाट चकती सरळच जाते. तिला वळायला सांगितले तर ती टाईलही फोडते आणि कधी कधी हातही.

आधी खांबाचे माप. कारागिराने खांबाला सुतळी गुंडाळली, ती १३२ सेंटिमीटर भरली. त्याच्या हाताखालच्या मुलाने लगेच उत्तर दिले, "त्रिज्या एकवीस." १३२ ला बावीस सप्तमांशाने भागले की व्यास ४२, त्याचा निम्मा २१. हा मुलगा दोन वर्षांपूर्वी आपल्याच शाळेत दहावीला होता, गणितात नापास झाला आणि पुन्हा आला नाही. आता त्याने अठरा पूर्ण केली आहेत. आम्ही त्याला विचारले, "परीघ म्हणजे काय, आठवते का?" तो म्हणाला, "परिधि ना सर?" आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलेलो, आमच्याही तोंडी आधी परिधिच येते, तेव्हा उत्तर बरोबर धरले. कारागीर मात्र या सगळ्याला एकच शब्द वापरत होता, गोलाई.

पुठ्ठ्याचा नमुना कापून तो टाईलवर ठेवला आणि रेघ ओढली. चार टाईल्सचे चार कोपरे खांबाच्या मध्याशी मिळतात, म्हणून प्रत्येकीतून पाव वर्तुळ काढायचे. कारागिराने त्या रेघेला चकती लावलीच नाही. रेघेच्या अलीकडे दोनेक मिलिमीटर थांबणारे सरळ चिरे त्याने एकाशेजारी एक मारले, फणीच्या दातांसारखे. मग पकडीने एकेक दात मोडून काढला. उरलेली ओबडधोबड कड चकतीच्या बाजूने हळूहळू घासत रेघेपर्यंत आणली. ओट्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचे उलट. तिथे आधी एक तिरका छेद, मग उरलेल्या दोन टोकांवर दोन छोटे छेद, मग चार. जितके छेद अधिक तितकी कड गोल दिसू लागते. नववी-दहावीच्या मुलांनी आर्किमिडीज आठवावा. त्यानेही वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंचे बहुभुज घेऊन पायची किंमत तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश आणि तीन पूर्णांक एक सप्तमांश यांच्यामध्ये आणून ठेवली. आम्ही हे फळ्यावर इतकी वर्षे शिकवतो, पण ओट्यावर ते पहिल्यांदाच पाहिले.

मग घिसाई. पाठीला चिकटपट्टी असलेल्या, हिऱ्याच्या कणांच्या चकत्या लावायच्या: ५० नंबर, १००, २००, ४००, ८००, १५०० आणि शेवटी ३०००. आकडा वाढतो तसे कण बारीक होतात. पन्नासने पडलेले ओरखडे शंभर नंबर पुसतो, शंभरचे दोनशे. मधला एखादा नंबर वाचवला तर शेवटी चकाकी येते, पण उन्हात तिरके पाहिले की खालचे ओरखडे तसेच दिसतात. ओट्यासाठी आम्ही आरपार एकाच रंगाची टाईल मुद्दाम मागवली होती. वर नुसती छपाई असलेली घेतली असती तर गोल कडेला आतला वेगळाच रंग उघडा पडला असता. पालकांपैकी कोणी घर बांधत असेल तर हे आधी विचारून घ्यावे.

पण हे सगळे तिसऱ्या दिवसापासूनचे. पहिले दोन दिवस ठेकेदाराने काम कोरडेच चालवले होते. चकती लागली की पांढरा ढग उठे. मुलाच्या भुवया पांढऱ्या, तोंडाला गमछा. ज्या गारगोटीने टाईल कडक होते तीच या धुळीत असते. तिचे जे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि गमछ्याने अडत नाहीत. त्यांतून सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरे करणारे औषध आजही नाही.

आपल्या माळव्याला हा आजार नवा नाही. ज्या पाटीवरच्या पेन्सिलीने आमच्या पिढीने मुळाक्षरे गिरवली, तिचे मोठे केंद्र मंदसौर. तिथे करवतीने दगड कापणाऱ्या कामगारांची तपासणी झाली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात ५९३ पैकी निम्म्याहून अधिक कामगारांच्या छातीच्या चित्रात सिलिकोसिस दिसला. त्याआधी, १९८२ मध्ये, राज्य शासनाला या कामगारांसाठी कल्याण निधीचा वेगळा कायदा करावा लागला होता. पुढे झाबुआ, अलीराजपूर आणि आपल्या शेजारच्या धारमधले आदिवासी गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला गेले आणि हाच आजार घेऊन परतले. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला तो २०१६ मध्ये.

टाईलचे काम करणारा रोज आठ तास गिरणीत बसत नाही, हे खरे. पण तो हे काम वीस-तीस वर्षे करतो.

ठेकेदाराचे म्हणणे पडले की पाणी घातले तर वेळ दुप्पट लागतो आणि दर कोरड्या कामाचा ठरला आहे. त्याचेही अगदी चुकत नव्हते. करारात पाण्याचा उल्लेख कुठेच नव्हता. सचिवांशी फोनवर बोलून दोन दिवसांची जादा मजुरी मान्य केली. मग बाटलीच्या झाकणाला भोक पाडून मुलगा चकतीवर बारीक धार सोडू लागला आणि ढग बंद झाला. ओल्या हातात विजेचे यंत्र म्हणजे दुसरे संकट, म्हणून बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घेतला. खाली साचणारा राखाडी चिखल वाळला की पुन्हा धूळच होतो. म्हणून तो झाडायचा नाही, ओला असतानाच पुसून भरायचा, हेही ठरले. कारागीर थोडा हसला, पण संध्याकाळी म्हणाला की आज जेवताना तोंडात कचकच आली नाही.

दिवाळीच्या सुटीत मुलींच्या स्वच्छतागृहाचे काम निघेल. विश्वस्तांना आमची विनंती आहे की त्या करारात तीन ओळी आधीच लिहाव्यात: कापणे आणि घासणे पाण्यानेच, काम करणाऱ्याला एन-९५ मास्क, आणि या दोन्हींचा खर्च दरात धरलेला. ओट्याला जादा लागलेल्या रकमेचा हिशेब कार्यालयात आहे, कोणीही पाहावा.

त्या मुलाला आम्ही राज्य मुक्त शाळेचा दहावीचा फॉर्म दिला आहे. गणित तो आमच्याकडे संध्याकाळी शिकू शकतो, असेही सांगितले. फॉर्म त्याने घडी घालून खिशात ठेवला, अजून भरून आणलेला नाही. सध्या तो बागलीकडे एका घराच्या जिन्याच्या कामावर आहे. तिथे पाणी वापरतात का, हे विचारायला येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत.