आपली गाडी

आमचे वडील मूलच्या रेल्वेगाडीला ‘आपली गाडी’ म्हणत. वास्तविक पोंभुर्ण्यात रेल्वे नाही. ती गाठायची तर सात-आठ कोसांवरच्या मूलला जावे लागे. तेथून अडीच फुटी रुळांवरून चांदाफोर्ट-गोंदिया गाडी जाई, आणि नागभीडला ती बदलली की तशीच दुसरी इवलीशी गाडी नागपूरच्या इतवारी स्थानकावर नेऊन सोडी. महाविद्यालयात शिकण्यासाठी मी प्रथम निघालो, त्या पहाटे आमच्या बंडीचे चाक वाटेतच निखळले. मूल दृष्टीस पडले तेव्हा गाडी फलाटावर सुटण्याच्या बेतात होती. मी रडकुंडीस आलो. वडील मात्र बैलांना न हाकता म्हणाले, “थांबते ना बाबू, आपलीच गाडी आहे.” आणि खरोखरच गार्डाने निशाण काखेत धरून माझी ट्रंक आत जाईपर्यंत वाट पाहिली.

पुढे चार इंग्रजी पुस्तके वाचून मी शहाणा झालो. ही वाट 1887 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची; 1944 साली ती सरकारकडे गेली. सुटीत घरी आल्यावर मी ही माहिती वडिलांपुढे मोठ्या ऐटीने मांडली. आपली कसली, ती तर भागधारकांची! वडिलांनी पानाला चुना लावीत सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या दिवशी थांबली कशी?” माझ्या पुस्तकांत याचे उत्तर नव्हते.

खासगी कंपन्यांविषयी माझे मत तेव्हापासून थोडे डळमळीत आहे. जपानात कोबायाशी इचिझो या गृहस्थाच्या कंपनीने 1910 साली ओसाकाच्या बाजूला विजेची गाडी सुरू केली, तेव्हा उतारू पुरेसे नव्हते. त्याने रुळांच्या कडेला घरे बांधून ती हप्त्यांनी विकली आणि ताकाराझुकाला 1914 पासून मुलींच्या संगीतनाटकांचे प्रयोग लावले. सकाळी कचेरीस जाणारे आणि सुटीत करमणुकीस जाणारे, दोघेही कंपनीला हवे होते. हा काही परोपकार नव्हे. पण रुळांच्या कडेला माणसे नांदावीत यातच त्या कंपनीचा नफा होता. आमच्या रुळांच्या कडेला साग होता, बांबू होता.

आणि तरी त्या गाडीचे नुसते गोडवे गाणे मला जमत नाही. वडील अत्यवस्थ असल्याची तार मिळताच मी नागपूरहून निघालो. गाडी वेळेवर मूलला आली. तिचा काडीचाही दोष नाही. परंतु पोंभुर्ण्याला जाणारे शेवटचे वाहन निघून गेले होते. रात्रभर मी फलाटावर बसून होतो. सकाळी घरी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती.

आता मूलचे रूळ रुंद झाले आहेत. नागपूर-नागभीड ही अरुंद वाटही 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली. गेल्या दिवाळीत मी मूलच्या फलाटावर सहज उभा होतो. एक लांबलचक मालगाडी न थांबता निघून चालली होती. डबे मोजता मोजता मी मध्येच चुकलो, कारण माझी नजर पोंभुर्ण्याच्या रस्त्याकडे गेली होती.