स्थानिक पॅकेज मिरर आणि ताजेपणाचा प्रश्न

लिनक्सच्या संगणकावर एखादा प्रोग्राम बसवायचा असेल तर तो निरनिराळ्या संकेतस्थळांवरून शोधून आणावा लागत नाही. डेबियन, उबंटू किंवा फेडोरा यांसारख्या वितरणाच्या मध्यवर्ती भांडारातून तो पॅकेज नावाच्या ठरावीक स्वरूपाच्या फाइलमध्ये येतो आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेही आपोआप येतात. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांमध्ये शंभर-दीडशे संगणक असले, तर एकच फाइल बाहेरून तितक्याच वेळा उतरवली जाते. हे टाळण्यासाठी भांडाराची संपूर्ण किंवा निवडक प्रत नेटवर्कच्या आत ठेवतात, तिला मिरर म्हणतात. मिररचा विचार बहुधा डिस्क किती लागेल आणि बँडविड्थ किती वाचेल एवढ्यावरच थांबतो. वास्तविक हे दोन्ही प्रश्न खर्चाने सुटणारे आहेत. प्रत नेहमी पूर्ण आणि ताजी राहील याची हमी मात्र विकत मिळत नाही, आणि मिरर चालवणाऱ्याची खरी जबाबदारी तीच आहे.

याचे कारण भांडाराच्या रचनेत आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनच्या भांडाराचे दोन मुख्य भाग असतात. ‘पूल’ या भागात प्रत्यक्ष पॅकेजे नावाच्या आद्याक्षरानुसार लावलेली असतात, तर ‘डिस्ट्स’ या भागात प्रत्येक आवृत्तीच्या अनुक्रमणिका असतात; ग्रंथालयातील कपाटे आणि सूचिपत्रे यांच्यासारखेच हे नाते आहे. आद्याक्षराच्या नियमाला एक अपवाद आहे : ‘लिब’ने सुरू होणारी पॅकेजे फार असल्यामुळे त्यांचे चौथ्या अक्षरावरून पोटविभाग पाडले आहेत, आणि त्यामुळे लिब्रेऑफिससारखा पूर्ण अनुप्रयोगही तांत्रिक लायब्रऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला आहे. पॅकेजाच्या फाइलनावातच त्याचा आवृत्तिक्रमांक असल्यामुळे पूलमधील फाइल एकदा आली की बदलत नाही. नवी येते आणि कालांतराने जुनी काढली जाते. अनुक्रमणिकांचे तसे नाही, त्या त्याच नावाने पुन्हा पुन्हा लिहिल्या जातात.

विश्वासाची साखळीही याच अनुक्रमणिकांमधून जाते. ‘पॅकेजेस’ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजाचा हॅश, म्हणजे त्याच्या आशयावरून गणिताने काढलेला ठसा, नोंदलेला असतो. त्या फाइलचा ठसा ‘रिलीज’ या फाइलमध्ये असतो, आणि रिलीज फाइलवर डेबियनची डिजिटल स्वाक्षरी असते. २००७ च्या डेबियन ४.० पासून ॲप्ट हा पॅकेजे आणणारा प्रोग्राम ही सारी साखळी स्वतः तपासतो. त्यामुळे मधल्या मिररवर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही; त्याने पॅकेजात एका बाइटचा बदल केला तरी ग्राहक संगणक ते नाकारतो. ही व्यवस्था इतकी विचारपूर्वक उभारलेली असताना काही ठिकाणी स्वाक्षरीची कटकट नको म्हणून स्थानिक मिररपुढे ‘ट्रस्टेड=यस’ असे लिहून तपासणीच बंद केली जाते, आणि या क्षेत्रात याहून घातक सवय क्वचितच आढळेल, कारण मिररमध्ये शिरलेला कोणीही त्या क्षणापासून नेटवर्कमधील प्रत्येक संगणकाचा मालक होतो. मूळ भांडाराची स्वाक्षरी प्रतीसोबत जशीच्या तशी येत असल्यामुळे अशा सवलतीची आवश्यकताही नसते.

स्वाक्षरीमुळे मिररला खोटे बोलता येत नाही हे खरे, पण त्याला शिळे सांगता येते. जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दाखवून दिले होते : त्यांनी भाड्याने घेतलेले सर्व्हर काल्पनिक ओळखीने नोंदवून प्रमुख वितरणांच्या अधिकृत मिररांच्या यादीत समाविष्ट करून घेतले, आणि असा मिरर जुनी पण रीतसर स्वाक्षरी असलेली अनुक्रमणिका देत राहिला तर ग्राहक संगणकाला सुरक्षा-दुरुस्ती निघाल्याचा पत्ताच लागत नाही, हे मांडले. या धोक्यावरचा उपाय म्हणजे रिलीज फाइलमधील ‘व्हॅलिड-अंटिल’ ही वैधतेची मुदत, जी सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी असलेल्या डेबियनच्या स्वतंत्र सुरक्षा-भांडारात साधारण आठवडाभराची असते. मुख्य स्थिर आवृत्तीच्या रिलीज फाइलला मात्र अशी मुदत नसते. तेथे बंद पडलेला मिरर महिनोन्‌महिने कोणतीही तक्रार न करता जुनीच पॅकेजे वाटत राहतो. हे घडायला हल्लेखोर लागत नाही, भरलेली डिस्क किंवा ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे पण थांबलेले क्रॉनचे काम पुरेसे असते.

प्रत घेण्याचा क्रम हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. प्रत बहुधा आरसिंकने घेतात. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये पुढे आणलेला हा प्रोग्राम दोन फाइलींमधील फरक ओळखून तेवढाच भाग पाठवू शकतो, परंतु न बदलणाऱ्या पॅकेजांच्या बाबतीत आकार व वेळ जुळवून आधी आलेल्या फाइली वगळणे हाच त्याचा मोठा उपयोग ठरतो. आरसिंकचा एकच सरळ फेरा मारला, तर ‘डिस्ट्स’ वर्णक्रमाने ‘पूल’च्या आधी येत असल्याने नव्या अनुक्रमणिका अगोदर पोहोचतात, आणि त्यांत नोंदलेली पॅकेजे येईपर्यंत, म्हणजे संथ जोडणीवर कित्येक तास, ग्राहकांना ‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर मिळत राहते. म्हणून पहिल्या टप्प्यात काहीही न पुसता फक्त नवी पॅकेजे आणावीत, दुसऱ्या टप्प्यात अनुक्रमणिका बदलाव्यात आणि त्या बदलल्यानंतरच जुनी पॅकेजे काढावीत, असा क्रम पाळावा लागतो. डेबियनने मिररचालकांसाठी दिलेली ‘एफटीपीसिंक’ ही स्क्रिप्ट नेमके हेच करते, आणि घरच्या घरी लिहिलेल्या स्क्रिप्टपेक्षा तीच वापरणे शहाणपणाचे आहे. भांडार दिवसातून चार वेळा अद्ययावत होत असल्यामुळे सहा तासांनी एक फेरा पुरतो.

संपूर्ण भांडार काही टेराबाइटांचे असते. केवळ एएमडी६४ या नेहमीच्या प्रोसेसर-प्रकारापुरते घेतले तर काहीशे गीगाबाइटांत भागते. पण एका प्रयोगशाळेत प्रत्यक्ष वापरली जाणारी पॅकेजे याचा लहानसा अंश असतात, म्हणून तेवढ्यासाठी ॲप्ट-कॅशर-एनजीसारखा मध्यस्थ अधिक योग्य ठरतो, जो कोणीतरी मागितलेले पॅकेज एकदाच बाहेरून आणून पुढच्या सर्वांसाठी साठवतो. पूर्ण मिरर मोठ्या विद्यापीठाला, किंवा जेथे आतले संगणक इंटरनेटला मुळीच जोडायचे नसतात अशा संस्थेला शोभतो. सुरक्षा-भांडाराचा मिरर करू नये असा डेबियनचाच सल्ला आहे, कारण तेथे सहा तासांचा उशीरही महाग पडू शकतो. बाहेर जाण्याची वाट असेल तर त्या दुरुस्त्या थेट किंवा मध्यस्थामार्फत घ्याव्यात. ही वाटही सुरक्षित असावी लागते : जानेवारी २०१९ मध्ये ॲप्टच्याच एचटीटीपी पुनर्निर्देशनाच्या हाताळणीत असा दोष सापडला की वाटेत बसलेला हल्लेखोर संगणकावर हवे ते पॅकेज लादू शकत होता, आणि दुरुस्त ॲप्ट आणण्याचा मार्गही तोच असल्यामुळे डेबियनला अद्ययावत करताना पुनर्निर्देशन बंद ठेवण्याची सूचना द्यावी लागली. स्वाक्षरी असताना एचटीटीपीएस कशाला, हा युक्तिवाद तेव्हापासून बराच लंगडा पडला आहे.

मिररच्या देखरेखीसाठी फार मोठे साधन लागत नाही. भांडारातील ‘प्रोजेक्ट’ निर्देशिकेत ‘ट्रेस’ नावाची जागा असते, जिच्यात मूळ भांडाराने अद्ययावत झाल्याची वेळ नोंदलेली असते आणि एफटीपीसिंक मिररच्या नावाने आपली स्वतंत्र फाइल लिहिते. मूळ भांडाराच्या संकेतस्थळावरील नोंद आणि स्थानिक प्रतीत उतरलेली तीच नोंद यांची दर तासाला तुलना करून बारा तासांहून अधिक अंतर पडताच व्यवस्थापकाला ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींची होते, आणि ती मिररच्या यंत्रावर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर चालवावी, म्हणजे मिरर स्वतःच बंद पडला तरी सूचना पोहोचते.