प्रश्न कुणी विचारायचा?

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातली पीडितेची साक्ष वाचायला घेतली, की शेवटाकडे एक वाक्य हमखास भेटतं : ‘मी आज कोर्टात खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ बचाव पक्षाच्या वकिलांचा प्रश्न कागदावर नाही, नकार तेवढा तिच्या तोंडी. साक्ष निवेदनरूपात उतरवून घेण्याची आपली रूढ रीत आहे. न्यायाधीशांना प्रश्नोत्तरं जशीच्या तशी नोंदवण्याची मुभा कायदा देतो, पण ती सरसकट वापरली जात नाही. आवाज किती चढला, एकच प्रश्न किती वेळा फिरवून विचारला, ती कुठे गप्प झाली, हे मग अपिलाच्या कागदांत पोचतच नाही.

कायदा मात्र बराच पुढे आला आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यात पोलिसांवर बलात्काराचा आरोप झाला, ती घटना १९७२ची. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नव्हता, असा तर्क. वसुधा धागमवार यांच्यासह कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३च्या दुरुस्तीने असे खटले बंद दाराआड चालू लागले.

दार बंद झालं, तरी आत आरोपी समोरच. २००४मध्ये ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या : मध्ये पडदा लावा, पुरेशी विश्रांती द्या आणि घटनेशी थेट संबंधित उलटतपासणीचे प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनी सोप्या, लाज न आणणाऱ्या भाषेत विचारावेत. पहिल्या दोन गोष्टींना खोली आणि पैसा लागतो. गंमत अशी, की खर्चाच्या गोष्टींची चर्चा जास्त झाली. तिसरीचा फारसा कुणी पाठपुरावा केला नाही.

खोल्या झाल्या. दिल्लीच्या कडकडडूमा न्यायालयात २०१२मध्ये संवेदनशील साक्षीदारांसाठी स्वतंत्र केंद्र उघडलं. प्रवेश वेगळा, बसायची जागा वेगळी. २०१७मध्ये महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात पीडिता मूकबधिर होती. तिची साक्षच झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा लागू केली आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात अशी किमान दोन केंद्रं उभारायला सांगितलं. जानेवारी २०२२मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, संवेदनशील साक्षीदाराची व्याख्या रुंदावली. लहान मुलांबरोबर प्रौढ पीडित, मानसिक आजार असलेले आणि जिवाला धोका असलेले साक्षीदारही तीत आले. या केंद्रांच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद न्या. गीता मित्तल यांच्याकडे गेलं.

पण पडद्यापलीकडून विचारला तरी बोचरा प्रश्न बोचराच. तोच प्रसंग तिला पुन्हा पुन्हा सांगावा लागतो : पोलिसांपुढे जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब, डॉक्टरांनी लिहून घेतलेली हकिकत आणि बऱ्याच काळाने कोर्टातली साक्ष. भीतीच्या क्षणी स्मृती तुकड्यातुकड्यांनी साठते. खोलीतला वास लख्ख आठवतो, पण आधी काय झालं नि नंतर काय, याचा क्रम गोंधळतो. कोर्टात हीच विसंगती ठरते. विसंगतीवर बोट ठेवण्याचा आरोपीचा हक्क काढून घ्या, असं कुणी शहाणा वकील म्हणणार नाही, मीही नाही. आरोपीचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. वाद आहे तो कुणी आणि कसं विचारायचं, याचा.

मुलांसाठीच्या पॉक्सो कायद्यात त्याचं उत्तर आहे. वकिलाने प्रश्न न्यायाधीशांना सांगायचा, न्यायाधीशांनी मुलाला. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यहनन यांना कलम ३३मध्येच मज्जाव आहे. सतरा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात ही रीत बंधनकारक. घटनेच्या वेळी तिने अठरा ओलांडली असतील, तर सगळा भरवसा २००४च्या निकालावर आणि समोरच्या न्यायाधीशांच्या मनावर.

प्रश्नोत्तरं नोंदवायची तर साक्ष लांबते, टंकलेखक वैतागतो, बोर्डावरची पुढची प्रकरणं रखडतात. अडचण खरी आहे. तरी निदान घटनेविषयीच्या उलटतपासणीपुरती प्रश्नासकट नोंद व्हावी आणि ‘साक्षी’ निकालाप्रमाणे प्रश्न लेखी घेतले जावेत, असा अर्ज सरकारी वकिलांनी साक्षीच्या आदल्या तारखेलाच द्यावा. साक्षीच्या दिवशी दिला तर त्यावर म्हणणं मांडायला बचाव पक्ष तारीख मागतो, आणि गावाहून आलेली बाई एस.टी.ने परत जाते.