मोतीची खरूज आणि सासूबाईंचा प्रश्न



शेजारचे कुटुंब परगावी गेले तेव्हा त्यांचा पांढरा उंदीर मोती आमच्याकडे आला. या पावसाळ्यात त्याला खरूज झाली. कानांच्या कडांवर, नाकावर, शेपटीवर पिवळसर खपल्या धरल्या आणि खाजवून खाजवून मानेवर जखमा झाल्या. कोणी कडुलिंबाचे तेल सुचवले, कोणी रॉकेल. पण उंदीर अंगाला लावलेले सगळे चाटतो, म्हणून दोन्ही टाळले.

पशुवैद्यांनी आधी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी असो, पिसवा असोत की लाकडाच्या भुशाची अ‍ॅलर्जी, खाज सारखीच दिसते. औषध मात्र वेगळे. मोतीच्या खपलीत खरजेचे किडे निघाले. औषध आयव्हरमेक्टिन, वजनाप्रमाणे अगदी मोजून, 14 दिवसांच्या अंतराने तीनदा.

सासूबाईंनी विचारले, "एका जिवासाठी इतके जीव घालवायचे?"

मोती पंचेंद्रिय, ते किडे उवांसारखेच क्षुद्र जीव, एवढ्या हिशेबाने माझे समाधान झाले नाही. श्रावक संकल्पी हिंसा सोडतो. घरसंसारातली आरंभी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, म्हणून तिथे यत्नाचार सांगितला आहे. औषध देताना माझा हेतू मोतीचा दाह शमावा एवढाच. तरी हिंसा झालीच नाही, असे मी म्हणणार नाही. रोजच्या प्रतिक्रमणात त्या जिवांचीही क्षमा मागते.

यत्नाचार म्हणजे इथे काय? तपासणीशिवाय औषध नको, आणि सुरू केले की अर्धवट सोडणे नको. या औषधाने किड्यांची अंडी मरत नाहीत. पहिल्या डोसनंतर खाज थांबली म्हणून सोडले, तर अंड्यांतून नवे किडे निघतात आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. त्यात मोतीचे हाल वाढतात, हिंसाही वाढते. पिंजऱ्यातला भुसा काढून कागदाच्या पट्ट्या घातल्या, त्या रोज बदलल्या. नखांची टोके कापली, म्हणजे जखमा चिघळत नाहीत.

तिसरा डोस परवा झाला. मानेवर बारीक लव आली आहे. सासूबाईंना माझे म्हणणे अजून पटलेले नाही. त्या औषधाच्या बाटलीला हात लावत नाहीत. पण तिन्ही वेळा मोतीला रुमालात धरून बसल्या त्याच.