दुसरी खाट

मागच्या रविवारी उपासना सुटली आणि एक पोरगी माझ्यापाशी आली. बी. ए. झालेली. बाप जालन्याच्या मोंढ्यात हमाल, माय रोजानं खुरपायला जाते. "सलाम मामा," म्हणाली आणि पिशवीतून कागद काढले. सेमिनरीचा अर्ज. आमच्या वेळी तो पोस्टानं यायचा, आता मोबाईलवर येतो. हिनं दुकानातून छापून आणला होता.

"मामा, शिफारशीचं पत्र तुमी लिहायचं. आन् एक इचारू? तिथं ऱ्हायाचं कसं असतं?"

फी किती, असं तिनं विचारलं नाही. अभ्यास किती, असंही नाही. राहायचं कसं असतं? मी म्हटलं, "असती एक खोली. दोन खाटा, दोन टेबलं." आणि गप बसलो. पोरगी गेली. रात्री मला झोप नाही. चाळीस वर्षांपूर्वीची दुसरी खाट डोळ्यांपुढं. तिला जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. वाचणारांनी पाळक म्हणून मला सूट देऊ नये.

मी मांगाचा. बाप दोर वळायचा. कासरे, दावी, सोल, बैलांच्या मुसक्या. माय शिंदीच्या फड्या बांधायची. आणि आम्ही ख्रिस्ती. दोन्ही खरं. जालन्याकडं हे नवलाचं नाही. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाला. १८६० नंतर तो जालन्याला आला, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि शहराबाहेर बेथेल नावाचं गाव वसवलं. त्या गावात राहायला आलं कोण? बहुतेक मांग आणि महार. गावकुसाबाहेरच्यांना स्वतःचं गाव मिळालं. माझा पणजा त्यांतलाच एक. शेषाद्री १८९१ साली वारले. पणज्याची पोरं पुढं पोटासाठी पुन्हा खेड्यात गेली आणि मांगवाड्यातच गेली. दुसरीकडं जागा कोण देणार?

१९८१ ला मी औरंगाबादेत बी. ए. झालो. त्याच वर्षी १ मे ला जालना जिल्हा वेगळा झाला. म्हणजे जन्म औरंगाबाद जिल्ह्यातला आणि अर्ज जालना जिल्ह्यातून. गाव तेच, मी तोच. पुढच्या वर्षी सेमिनरीचा अर्ज भरला. तिचं नाव लिहीत नाही. यवतमाळला १९५३ पासून एक मोठी सेमिनरी होती, ती १९८३ ला पुण्याला गेली. ती ही नव्हे.

अर्जाला काय लागायचं ते सांगतो, कारण आजही साधारण तेच लागतं. बाप्तिस्म्याचा दाखला. मंडळीचा सभासद असल्याचं पाळकाचं पत्र. बिशपसाहेबांची शिफारस. डॉक्टरचा दाखला. मार्कमेमो. शाळा सोडल्याचा दाखला. आणि आपल्या हातानं लिहिलेलं पाचारणाचं निवेदन, म्हणजे देवानं तुम्हाला कसं बोलावलं ते दोन पानांत. मग लेखी परीक्षा, शास्त्राची आणि इंग्रजीची. मग तोंडी. बारावीवाल्याला बी. टीएच., पदवीवाल्याला बी. डी. पदवी मिळणार ती बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची. ते कॉलेज १८१८ साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी काढलं, १८२७ ला डेन्मार्कच्या राजानं त्याला सनद दिली. केरी म्हणजे १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा तोच. विलायतेत तो जोडे शिवायचा. आपल्याकडं जोडे शिवणाराला व्याकरणाच्या जवळ कुणी उभं केलं असतं?

माझे सगळे कागद जमले. एकच कागद खुपला. शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं, 'हिंदू मांग'. गुरुजींनी विचारलं नव्हतं, बापानं सांगितलं नव्हतं. वाड्यातला म्हणजे मांग, मांग म्हणजे हिंदू. त्याच दाखल्यावर मला कॉलेजात सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. ख्रिस्ती लिहिलं असतं तर मिळाली नसती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे. १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले. २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अटच काढा म्हटलं. २०२२ ला आणखी एक आयोग नेमला. ख्रिस्ती मांग अजून उंबऱ्याबाहेर.

तोंडी परीक्षेला पाच जण बसलेले. एकानं दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्ही हिंदू का ख्रिस्ती?"

"ख्रिस्ती."

"मग सरकारला खोटं सांगून पैसे घेतलेत?"

माझं डोकं गरम झालं. म्हणालो, "साहेब, गावानं मला ख्रिस्ती म्हणून कधी मारलं नाही. मारलं ते मांग म्हणून. १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेला मारलं, तो मातंग होता. आमच्या वाड्यावर लोक चालून आले तेव्हा कुणी बाप्तिस्म्याचा दाखला बघायला मागितला नाही. दोन्ही कागद खरे आहेत. खोटं असलं तर ते कायद्यात आहे."

कुणी बोललं नाही. एकानं वहीत काहीतरी लिहिलं. महिन्यानं पत्र आलं, प्रवेश मिळाला.

इतकं खरं बोललेला माणूस पहिल्याच रात्री घसरला.

खोलीत दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी, एक बल्ब. जोडीदार नगरकडचा, तीन पिढ्या शिक्षकी केलेल्या घरातला. चांगला मुलगा. बल्ब विझवला आणि अंधारात त्यानं विचारलं, "मूळचे कोण तुम्ही?"

दोस्तहो, हा प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. गावात तो उजेडात विचारतात, आमच्यात अंधारात. एवढाच फरक.

मी म्हणालो, "आम्ही बेथेलचे. नारायण शेषाद्रींच्या वेळचे."

यातला शब्दन् शब्द खरा. तो खाटेवर उठून बसला. "म्हणजे ब्राह्मणांतले?"

मी कूस बदलली. हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही.

त्या कूस बदलण्यावर मी तीन महिने जगलो. चहा एका मगात. साबण एक. जेवणघरात तो माझी जागा धरून ठेवायचा. सकाळच्या प्रार्थनेला मला पुढं करायचे. एकदा एकानं संस्कृत श्लोकाचा अर्थ विचारला, मी डोकं धरून बसलो. मला श्लोक कुठला येतोय! मला दोराचे पीळ येत होते.

नाताळाच्या आधी बाप आला. न कळवता. धडप्यात भाकरी, ठेचा, आणि अंबाडीचा नवा दोर, "कपडे वाळू घालाया." जोडीदारानं खुर्ची दिली. आदबीनं विचारलं, "बाबा, आपण काय करता?"

"दोर वळतो. आमी मांग, दुसरं काय करावं? हे पोरगं तेवढं शिकलं." आणि हसला. त्याच्या मनानं हे ख्रिस्ताचं घर. इथं कोण कशाला लपवंल?

संध्याकाळी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढताना म्हणाला, "तुह्या जोडीदारानं दोर हातात घेतला न्हाई. कामून रं?"

"त्याला काम होतं," मी म्हणालो.

आठवड्यानं जोडीदारानं वॉर्डनकडं खोली बदलायचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'अभ्यासाला उजेड कमी पडतो.' अर्ज मंजूर झाला. माझ्या खोलीत दुसरं कुणी आलं नाही. वसतिगृहात जागा नाही म्हणून दोन पोरं व्हरांड्यात गाद्या टाकून झोपत होती. परतूरकडचा एक वर्गमित्र लग्न झालेला. बायकापोरांचे क्वार्टर मोजके, त्याचा नंबर दोन वर्षं लागला नाही. बायको गावाकडं रोजानं जायची आणि हा इथं प्रेमावरचा अध्याय पाठ करायचा. इतकी जागेची टंचाई. आणि माझ्या खोलीत एक खाट जूनपर्यंत रिकामी.

जोडीदाराचा पणजा येसकर होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे माझा पणजा आणि त्याचा पणजा एकाच विहिरीपासून लांब उभे राहिले असतील. माझा जरा जास्त लांब. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती मी पुस्तकात शिकलो नाही. माझ्या खाटेपासून चार हातांवर ती शिकलो. आणि त्याला तरी काय बोलू? त्यानं खोली सोडली, मी तर बापच सोडला होता.

दुसऱ्या वर्षी हिब्रू आलं. हिब्रूत एक गंमत आहे. तिथं सगळेच अडाणी. मल्याळी, नागा, मराठी, कुळवान, बिनकुळवान, सगळे 'आलेफ'पासून उजवीकडून डावीकडं गिरवत बसलेले. माझं इंग्रजी कच्चं, पण इथं माझी पाटी इतरांइतकीच कोरी होती. एक दिवस ११३ वं स्तोत्र शिकताना शब्द आला, 'दल'. अर्थ खंगलेला, गरीब, खालचा. देव धुळीतून ज्याला उठवतो तो 'दल'. मी पेन खाली ठेवलं. घरी माय पहाटे जात्यावर दळायची. दळणं, दलित, दल. शिक्षक म्हणाले, हिब्रू आणि संस्कृत वेगळ्या घरच्या भाषा आहेत, उगाच नातं जोडू नका. नसंल नातं. मला आवाज पुरला.

नंतर मी अरविंद निर्मळांविषयी वाचलं. आपलाच मराठी माणूस. एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी बंगलोरच्या थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरविद्येवर भाषण केलं. त्यातून पुढं दलित ईश्वरविद्या उभी राहिली. ते अनुवादाच्या २६ व्या अध्यायाकडं बोट दाखवतात. तिथं शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन देवापुढं येतो आणि आपला पूर्वज कोण होता ते उघड सांगतो: भटका, बेघर अरामी. आधी पूर्वज सांगायचा, मग पुढचं.

मी टोपली ठेवली होती आणि पूर्वज लपवला होता. देवाचं पाचारण दोन पानांत लिहिलं, त्यात बापाचा धंदा लिहिला नव्हता. रकानाच नव्हता, असं म्हणून सुटता येतं. पण रकाना कुणी आखला नाही म्हणून बाप नसतो का?

त्या संध्याकाळी पेटीच्या तळातून बापाचा दोर काढला आणि खोलीत खिडकीपासून रिकाम्या खाटेपर्यंत बांधला. त्यावर सदरे टाकले. पुढच्या आठवड्यात चॅपेलमध्ये बोलायची माझी पाळी होती. उभा राहिलो आणि पहिलं वाक्य बोललो, "मी मांगाचा. माझा बाप दोर वळतो." काहींनी माना खाली घातल्या. परतूरच्या दोस्तानं बाहेर आल्यावर हात दाबला. खाटेवर तरीही कुणी आलं नाही. एका वाक्यानं खाटा भरत नसतात.

जोडीदार वीस वर्षांनी एका सभेत भेटला. डोक्याचे केस पांढरे. चहा घेताना म्हणाला, "त्या खोलीत उजेड भरपूर होता रे." मी म्हणालो, "मला माहीत होतं." चहा संपेतो दोघं उभे राहिलो.

काल पोरीला पुन्हा बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. आणखी एक सांगितलं: बाईच्या जातीला हिब्रू-ग्रीक कशाला, असं कुणी म्हटलंच तर पंडिता रमाबाईंचं नाव घे. त्या बाईनं मूळ भाषांतून सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ ला त्या गेल्या, १९२४ ला ते छापून निघालं. पोरगी ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, मला कुणी अंधारात इचारलं तर?"

"बल्ब लाव," मी म्हणालो. "मग सांग."

शिफारशीचं पत्र लिहिलं. सभासदत्व, वर्तन, अभ्यास, सगळं जिथल्या तिथं. बापाचा धंदा हमाली, मायचा रोजंदारी, हेही लिहिलं. शेवटी थोडी जागा उरली, तिथं माझ्याकडून एक ओळ घातली:

'मुलीस दोन खाटांची खोली द्यावी. दुसरी खाट रिकामी राहिल्यास सही करणारास कळवावे.'