मेहुण्यांचे लोहचुंबक

पेट्रोल वाचवणाऱ्या माणसाइतका प्रसन्न माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. निवृत्त झाल्यापासून आमचे मेहुणे कधी मोकळे हसले नव्हते. पण मोटारीतल्या पेट्रोलच्या नळीवर त्यांनी लोहचुंबकाच्या दोन वड्या बसवल्या आणि लिटरमागे ४ किलोमीटर वाढल्याचे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. धूरही कमी झाला म्हणे! आता त्या वड्यांची एजन्सी घ्यायची. अनामत २ लाख, प्रॉव्हिडंट फंडातून.

"तुम्ही मराठीचे मास्तर. इंजिनातलं तुम्हाला काय कळणार?" हे त्यांचे म्हणणे रास्तच. पण भाकडकथा ओळखणे हा तर आमचा धंदाच, आणि ही कथा जुनी आहे. कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स नेल्सन पोग याच्या कार्बुरेटरने गॅलनला २०० मैल मिळतात, अशी कीर्ती १९३० नंतरच्या काळात पसरली होती. तो बाजारात काही आला नाही. तेल कंपन्यांनी शोध दडपला, असे भाविक आजही सांगतात. दडपला कसला? त्याची अमेरिकन पेटंटे छापलेली आहेत, कोणीही वाचावीत. शेवटचे १९३६ चे. त्याचीही मुदत १९५३ मध्ये संपली. तेव्हापासून कोणीही फुकट बनवावा!

खरी गोम अशी, की लिटरभर पेट्रोलमध्ये विजेच्या सुमारे ९ युनिटांइतकी ऊर्जा असते आणि तिचा पाव भाग कसाबसा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची वाया जाते, पण ती पेट्रोल न जळल्यामुळे नव्हे. ते जवळजवळ सगळे जळतेच. जाते ती उष्णता, धुराबरोबर आणि रेडिएटरमधून. मग चुंबकाने आणखी जाळायचे ते काय? अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने अशी १०० हून अधिक उपकरणे तपासली. डोळ्यांत भरावी अशी बचत एकानेही केली नाही.

मेहुणे मात्र खोटे बोलत नाहीत. वहीत आकडे आहेत. एकदा त्यांच्याशेजारी बसून गेलो, तेव्हा कोडे उलगडले. चुंबक आल्यापासून ते टायरांत नेमाने हवा भरतात, सिग्नलला इंजिन बंद करतात, आणि ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवतात, जणू खाली तान्हे मूल निजले आहे!

"महिनाभर वड्या काढून अशीच गाडी चालवा," अशी मी गळ घातली. आधी रागावले, मग कबूल झाले. वड्या वहिनींनी फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आहेत. वहीत आठ दिवसांचे आकडे पडले आहेत. अनामत भरायची मुदत पाडव्यापर्यंत आहे.